घरातला कोळी आणि माळकऱ्याचा हात

गेल्या महिन्यात एका माळकरी आजींचे पत्र आले. नाव-गाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे ते येथे देत नाही. वहीच्या दोन पानांवर मोठ्या, थरथरत्या अक्षरात लिहिलेला मजकूर थोडक्यात असा आहे:

"आमच्या देवघरात पांडुरंगाच्या तसबिरीमागे मोठा कोळी होता. सूनबाईंनी तो केरसुणीने मारला. मी म्हटलं, देवामागचा जीव मारलास, पाप लागेल, पोराला भोगावं लागेल. पोराच्या मानेवर आदल्याच दिवशी कोळी फिरून लाल पट्टा उठला होता, म्हणूनच तिने मारला. तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते. आता परवा पाहते तो तसबिरीमागे दुसरा कोळी. पोटाशी पांढरी चकती धरून बसला आहे. तिने पाहिला, मीही पाहिला. दोघीही काही बोललो नाही. माळ घालून मला तीस वर्षं झाली. हा मारावा की सोडावा, शास्त्रात काय सांगितलं आहे ते कळवा."

पुष्कळांना हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटेल. मला तसे वाटले नाही. का, ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात प्रवचनासाठी गेलो होतो. विषय मीच निवडलेला, तेराव्या अध्यायातील अहिंसा. यजमानांनी माजघरालगतची खोली दिली होती. संध्याकाळी अंगरखा चढवून फेटा बांधावयास घेतला, तो समोरच्या भिंतीवरून तळहाताएवढा कोळी सरसर खाली आला. मी विचार केला नाही. वहाण उचलली आणि मारली. त्याच्या पोटाखाली पांढरी चकती होती, ती फुटली आणि खसखशीच्या दाण्याएवढी पिले भिंतीवर चहूकडे पळू लागली. दारात यजमानांचा सातआठ वर्षांचा नातू बुक्क्याचे तबक घेऊन उभा होता. मला बोलवायला आला होता. त्याने भिंतीकडे पाहिले आणि विचारले, "बुवा, ही आई होती का?"

मी उत्तर दिले नाही. फडक्याने भिंत पुसली आणि बाहेर पडलो. त्या रात्रीचे प्रवचन चांगले झाले असे सगळे म्हणाले. तो मुलगा पहिल्या रांगेत बसला होता आणि मी दोन तास त्या बाजूला पाहण्याचे टाळले.

तेव्हा आजींना जे सांगावयाचे, ते मी आधी स्वतःला सांगत आलो आहे, एवढे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

आता शास्त्राकडे वळू. गीतेच्या श्लोकात अहिंसा हा तीन अक्षरांचा एकच शब्द आहे. शके १२१२ मध्ये त्यावर टीका सांगताना माउली त्या एका शब्दापाशी इतकी रेंगाळली आहे की वाचणाऱ्याला आश्चर्य वाटावे. पहिल्यांदा तिने खोट्या अहिंसा बाजूला सारल्या. पावसासाठी यज्ञ करायचा आणि यज्ञात पशू मारायचे, रोग्याला वाचवायचे म्हणून झाडे मुळासकट उपटायची, त्यांच्या साली सोलायच्या आणि ती आधणात उकळायची, आणि वर या सगळ्याला अहिंसा म्हणायचे. अशा अहिंसेला तिने दिलेला दृष्टान्त फार बोलका आहे: झाडाच्याच फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण घालणे. हा दृष्टान्त लक्षात असू द्यावा. पत्राच्या उत्तरात तो पुन्हा लागणार आहे.

मग खरी अहिंसा ज्याच्या अंगी आहे तो ओळखावा कसा? माउली त्याच्या मनातले काही सांगत बसत नाही. तो चालतो कसा, पाहतो कसा, बोलतो कसा, त्याचा हात कसा हलतो, हे दाखवते. कमळावर उतरणारा भुंगा केसर दुखावेल म्हणून जपून पाय ठेवतो, तसे त्याचे चालणे. जमिनीचा कणन् कण सानुल्या जीवांनी भरला आहे हे जाणून तो पायाखाली जणू करुणाच अंथरतो. आणि जनावर ममतेने आपले पिलू तोंडात धरून नेते तेव्हा पिलाला दात लागतात ना? लागतात, पण जितके आणि जसे लागतात, तितकाच आणि तसाच त्याचा स्पर्श. हाताविषयी तर ती इतके बारीक बोलते की त्या माणसाला फुलांची माळ वर उडवून झेलणेही नको वाटते. न जाणो, ती कुणाला गोफणीसारखी लागली तर! त्याचे हात मुळात हलतच नाहीत. हललेच तर नमस्कारासाठी जुळतात, भ्यालेल्याला अभय देण्यासाठी वर होतात, नाहीतर दुखणाऱ्याच्या अंगावरून हळुवार फिरतात.

आणि मग मुख्य गोष्ट. हे सगळे वर्णन करून झाल्यावर माउली म्हणते की हे बाहेरचे व्यापार मनाचेच. बीज जमिनीत असेल तर झाड वर येईल. मनात जे नाही ते जिभेवर आणि हातात येणार कोठून?

वहाण उचलताना माझ्या मनात काय होते, हे मी नंतर पुष्कळदा तपासून पाहिले. कोळी मला चावेल असे वाटले होते काय? नाही. प्राण वाचवण्यासाठी मारला काय? मुळीच नाही. किळस होती. आठ पाय, केसाळ अंग आणि ते सरसरणे, एवढ्याची किळस. घरातले शंभरांतले नव्वद कोळी ह्याच किळसेपोटी मरतात असे मला वाटते, आणि आपण कारण मात्र विषाचे देतो. तेव्हा कोळी मारावा की सोडावा या प्रश्नाआधी किळसेचे काय करावे हा प्रश्न उभा राहतो. किळस ही उपदेशाने जात नाही. ओळख झाली की जाते. म्हणून या पाहुण्याची थोडी ओळख करून देतो.

कोळी हा किडा नव्हे. किड्याला पाय सहा, याला आठ. विंचू आणि गोचीड ही त्याची भावकी. जगातल्या कोळ्यांच्या जातींची जी यादी अभ्यासक ठेवतात, तिच्यातला आकडा २०२२ साली पन्नास हजारांच्या वर गेला. आपल्या घरात त्यांपैकी चारपाचच प्रकार नेहमी दिसतात. मी मारला तो आणि आजींच्या तसबिरीमागे बसला आहे तोही, चकतीच्या वर्णनावरून, भिंतीवर राहणारा मोठा तपकिरी चपटा कोळी असावा. हा जाळे विणतच नाही. दिवसा फटीत बसतो, रात्री फिरून झुरळे पकडतो. पांढरी चकती म्हणजे त्याच्या मादीची अंड्यांची पिशवी. ती पोटाशी धरून हिंडते, कोठे ठेवीत नाही. आत शेकडो अंडी असतात. म्हणजे आजींचा 'कोळी' ही आई आहे. त्या मुलाने विचारले ते बरोबर होते.

दुसरा, छताच्या कोपऱ्यात लांब लांब काड्यांसारखे पाय सोडून उलटा लोंबणारा. जाळ्याला हात लागला की हा जागच्या जागी थरथरा हलू लागतो, इतका की डोळ्यांना दिसेनासा होतो. याची मादी अंड्यांची गुंडी कोठे ठेवते म्हणता? तोंडात. चार धाग्यांत बांधून जबड्यात धरते आणि पिले निघेपर्यंत तशीच धरून राहते. मागे सांगितलेला तोंडात पिलू धरण्याचा दृष्टान्त मी प्रवचनात कित्येकदा सांगितला आहे. सांगत होतो तेव्हा माझ्याच डोक्यावर, देवळाच्या छताला, तो चालू होता हे मला ठाऊक नव्हते.

तिसरा खिडकीवर उड्या मारणारा लहान कोळी. हा माशांवर झेप घेतो आणि आपण बोट पुढे केले तर मान वळवल्यासारखे करून आपल्याकडे पाहतो. चौथा भिंतीवर पांढऱ्या टिकलीएवढे चपटे घर करून राहतो आणि मुंग्या खातो. एवढे पुरे.

विष? जवळजवळ सगळ्याच कोळ्यांना थोडेफार असते. काही थोड्या जातींना तेही नसते. पण ते माशी-झुरळाच्या मापाचे. घरातले हे कोळी माणसाचे रक्त पीत नाहीत, रोग पसरवीत नाहीत, आपण चिमटीत धरल्याशिवाय चावत नाहीत. मोठा कोळी चावला तर दुखते, सूज येते आणि उतरते. जगात काही कोळी खरोखर घातक आहेत, आपल्या देशातही काळ्या-तांबड्या रंगाच्या एका घातक कुळाचे कोळी आढळले आहेत, म्हणून अनोळखी कोळ्याला उघड्या हाताने धरण्याचे धाडस कोणी करू नये. आणि चावल्यावर घाम, जोराचे वळ किंवा श्वासाला त्रास झाला तर अंगारा लावीत न बसता दवाखाना गाठावा.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण दिंडीत दरसाल ती ऐकू येते. विंचवाला कोळ्याच्या मापाने मोजू नये. कोकणातला तांबडा विंचू लेकरांचे प्राण घेत असे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाने त्यावर उपाय शोधून खेड्यापाड्यांतली कितीतरी माणसे वाचवली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. राहुटीत विंचू निघाला तर लेकरे आधी दूर न्यावी, आणि लांब चिमट्याने उचलून टाकणे जमत नसेल तर मारणाऱ्याला कोणी पापी म्हणू नये. नाथांच्या विंचवाच्या भारुडावर डोलणे वेगळे आणि वळकटीत विंचू निघणे वेगळे.

आता त्या लेकराच्या मानेवरच्या पट्ट्याकडे येऊ, कारण खरी ठिणगी तेथे पडली. 'अंगावर कोळी फिरला' असे पुष्कळ ठिकाणी म्हणतात. रात्री निजावे आणि सकाळी मानेवर किंवा हातावर चाबूक ओढल्यासारखा लाल पट्टा दिसावा, मग त्यावर बारीक फोड यावेत, आग व्हावी. कोळी रोज भिंतीवर दिसतो, म्हणून दोष त्याच्यावर जातो. पण कोळी अंगावरून नुसता चालला तर असे काही होत नाही. पावसाळ्यात असे पट्टे बहुधा पिडेरस नावाच्या एका किड्यामुळे उठतात. हा पाऊण-एक सेंटिमीटर लांबीचा, बारीक, नारिंगी आणि काळ्या पट्ट्यांचा किडा, दिसायला मुंगीसारखा. ओल्या शेतात राहतो आणि रात्री दिव्याकडे येतो. तो चावत नाही, नांगीही मारीत नाही. मानेवर काहीतरी वळवळले म्हणून आपण झोपेत चापट मारतो, तो चिरडतो, आणि त्याच्या अंगातला दाहक रस कातडीवर ओढला जातो. पट्टा लगेच उठत नाही, बारा तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उठतो. तोवर किडा कोणाच्या ध्यानातही नसतो आणि भिंतीवर मात्र कोळी असतो!

म्हणून पावसाळ्यात, विशेषतः आषाढीच्या वाटेवर राहुट्यांतून, निजण्यापूर्वी अंथरूण झटकावे, डोक्याशी दिवा ठेवू नये, अंगावर किडा आला तर चापट न मारता फुंकर घालून उडवावा. चिरडला गेलाच तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी, चोळू नये, तो हात डोळ्याला लावू नये. डोळ्यापाशी आग झाली तर डॉक्टरकडे जावे. आणखी एक. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्याने फोड येऊन फार ठणका लागला तर ती नागीण असू शकते. तिला नाव सापाचे असले तरी ती कांजिण्यांच्या विषाणूमुळे होते, आणि फोड उठल्यापासून तीन दिवसांच्या आत औषध सुरू झाले तर चांगला गुण येतो. कोळ्याचे पाप आणि नागिणीचे मंत्र यांत ते तीन दिवस घालवू नयेत.

म्हणजे सूनबाईंनी मारला तो निरपराध होता. पण त्यांनी तो लेकराच्या कळवळ्याने मारला, माझ्यासारखा किळसेने नव्हे. दोन्हींत अंतर आहे.

'देवामागचा जीव' याविषयी दोन शब्द. आजी, कोळी पांडुरंगाच्या दर्शनाला आला असेलही, आपण कोण नाही म्हणणार? आंध्रातल्या श्रीकाळहस्ती क्षेत्राच्या नावातच, तेथील परंपरेप्रमाणे, श्री म्हणजे कोळी, काळ म्हणजे सर्प आणि हस्ती म्हणजे हत्ती असून तिघेही शिवाचे भक्त मानले आहेत. पण मला दिसते ते असे की नंदादीपाकडे पाखरे आणि किडे येतात, नैवेद्याच्या कणांना झुरळे येतात, आणि तसबिरीमागे अंधारी, उबदार फट आयती मिळते. कोळ्याला याहून चांगले बिऱ्हाड कोठले? तो देवामागे आहे म्हणून अधिक पवित्र आणि मोरीत आहे म्हणून कमी, असा भेद माळकऱ्याने करू नये.

नाथमहाराजांच्या भागवतात मात्र कोळ्याला मोठा मान आहे. नाथांनी हा ग्रंथ शके १४९५ मध्ये काशीस पुरा केला. एकादश स्कंधात यदुराजाला अवधूत आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत तेविसावा कोळी. कुंभाराला घट करायचा तर माती बाहेरून आणावी लागते. कोळी बाहेरून काही आणीत नाही. स्वतःतूनच तंतू काढतो, त्यात खेळतो आणि पुन्हा गिळून टाकतो. ईश्वर जग कसे रचतो आणि आवरतो याला हा दृष्टान्त. मुंडकोपनिषदातही तो आहे. शिकलेला कोणी म्हणेल की तंतू तोंडातून निघत नाही, पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून निघतो. खरे आहे. आत पातळ असलेला रस बाहेर ओढला जाताना घट्ट धागा होतो. पण जाळे गिळण्याची गोष्ट तितकीच खरी आहे. चाकासारखे गोल जाळे विणणाऱ्या पुष्कळ जाती जुने जाळे खाऊन टाकतात आणि त्याच द्रव्याचे नवे विणतात. दृष्टान्त शरीररचना शिकवण्यासाठी नसतो, तरी पाहणाऱ्याने नीट पाहिले होते एवढे दिसते.

चोविसावा गुरू मातीचे घर करणारी कुंभारीण माशी. तिने कोंडलेला किडा तिचे ध्यान करता करता तीच होतो, हा दृष्टान्त कीर्तनात सर्वांनी ऐकला आहे. आता गंमत पाहा. या माश्यांच्या काही जाती आपल्या मातीच्या घरात काय भरतात? कोळी! नांगीने लुळा करून आत ठेवतात, वर अंडे घालतात आणि तोंड लिंपतात. आतली अळी तो कोळी खाऊन मोठी होते. म्हणजे तेविसावा गुरू हा चोविसाव्या गुरूचे अन्न आहे. अवधूताने दोघांपुढे हात जोडले. मारणारी दुष्ट आणि मरणारा बिचारा अशी वाटणी त्याने केली नाही.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण एका माळकरी गृहस्थांनी मला विचारले होते, "कोळी तर स्वतःच हिंसक. त्याला वाचवणे म्हणजे हजार माश्या मारणे नव्हे का?" त्यांना गणितच करावयाचे तर उलटेही करता येईल. भाताच्या खाचरात फिरणारे कोळी तुडतुडे खातात. अविचाराने औषध फवारले की कोळी आधी मरतात आणि मग तुडतुडे पूर्वीपेक्षा वाढतात, हे शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. घरातले कोळी डास आणि झुरळे खातात. परंतु असल्या हिशेबावर मी अहिंसा उभी करणार नाही. उद्या कोळी निरुपयोगी ठरला तर काय वहाण उचलायची? कोळ्याला दुसरे अन्न पचत नाही. त्याला भाजी-भाकरी निवडण्याची सोय नाही. आपल्याला आहे. माळ आपण घातली आहे, त्याने नव्हे. जाळ्यात पाखरू फडफडताना दिसले तर सोडवावे का, असेही काही विचारतात. मी कधी सोडवतो, कधी डोळे मिटून पुढे जातो, आणि दोन्ही वेळा समाधान वाटत नाही. याहून अधिक मला सांगता येत नाही.

डासांचे मात्र वेगळे. डेंग्यूचा डास घरातल्याच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. हंडे-पिंप झाकून ठेवणे, आठवड्यातून एकदा घासून कोरडे करणे, मच्छरदाणी लावणे, यांत कमीत कमी हिंसा आणि जास्तीत जास्त बचाव आहे.

आता जळमटांविषयी. 'कोळी मारायचा नाही तर घर कोळिष्टकांनी भरू द्यायचे का?' असा एक आक्षेप असतो. मुळीच नाही. धुळीने काळवंडलेले जळमट म्हणजे बहुधा सोडून दिलेले जुने जाळे. दसऱ्या-दिवाळीच्या आधीच काय, दर आठवड्याला काढावे. लांब काठीला कुंचा बांधून काढताना एवढेच पाहावे की कोपऱ्यात काडीच्या पायांची कोणी थरथरत आहे का, तिच्या तोंडात गुंडी आहे का. असली तर तिला बाजूला सरू द्यावे, मग कुंचा फिरवावा. जाळे मोडले तर ती दुसरे विणील. केरसुणीला आपण दिवाळीत हळद-कुंकू वाहतो. तिने झाडावे, मारू नये, इतके त्या हळद-कुंकवाला जागले तरी पुष्कळ झाले.

आणि आता, आजी, तुमच्या घरातल्या गोष्टीकडे येतो. तुम्ही विचारलेत कोळ्याचे, पण पत्रात दुखते आहे ते दुसरेच. तुम्ही सूनबाईंना म्हणालात, पाप लागेल, पोराला भोगावं लागेल. माउली, मेलेल्या कोळ्यासाठी तुम्ही जित्या आईच्या काळजात केवढा काटा रोवलात! आधीच तिच्या लेकराच्या मानेवर पट्टा उठलेला, ती घाबरलेली, आणि तुम्ही त्या पट्ट्याला तिच्याच हातचे पाप जोडून दिलेत. फांद्या तोडून झाडाला कुंपण घालणे ते हेच. अहिंसेच्या नावाने बोललेला शब्द वहाणेहून जोरात लागू शकतो. माउलीने त्या पुरुषाच्या हाताचे जसे सांगितले तसेच त्याच्या बोलण्याचेही सांगितले आहे: शब्दाच्या आधी त्याची कृपा पोचते, आणि आपल्या बोलण्याने कुणी दचकेल म्हणून तो बोलायलाच भितो. आईच्या चुकीचे फळ तिच्या लेकराच्या मानेवर उठते, असे शास्त्र मला कोठे आढळले नाही. तुम्ही तसे म्हणालात ते रागाने म्हणालात. माझी वहाण आणि तुमचा तो शब्द एकाच ठिकाणाहून आले. म्हणून पहिले काम हे की, पट्टा कोळ्यामुळे नव्हता आणि तुझ्यामुळे तर नव्हताच, एवढे तिला सांगावे. वाटल्यास हा अंक तिच्या हाती द्यावा. वडीलपण आड येते, मला ठाऊक आहे. मलाही त्या मुलाला उत्तर द्यायला दुसरा दिवस उजाडला. निघताना त्याला जवळ घेऊन म्हणालो, "होय रे, आई होती. माझं चुकलं." तो म्हणाला, "पिलं अजून आहेत, कपाटामागे गेली."

आता तसबिरीमागच्या त्या आईचे काय करावे? तेथेच राहू दिली तर काही आठवड्यांनी पिले निघून देवघरभर होतील, आणि मग कोणाचा तरी हात केरसुणीकडे जाईल. तेव्हा तिला हलवावे हे बरे. दिवसा करावे. त्या वेळी ती सुस्त असते. लेकराला दूर बसवावे. तसबीर अलगद पुढे झुकवावी, तोंड रुंद असलेला मोठा वाडगा किंवा डबा हळूच तिच्यावर उपडा ठेवावा, घाई करू नये, म्हणजे चकती तिच्या पकडीतून सुटणार नाही. मग पोस्टकार्ड किंवा पंचांगाचा जुना पुठ्ठा भिंत आणि डबा यांच्यामधून सरकवावा. उघडा हात लावू नये. अंडी सांभाळणारी मादी चावू शकते. तसेच झाकून उचलावे आणि गोठ्यात, लाकडांच्या ढिगाशी किंवा पडवीतल्या अडगळीत आडोशाला सोडावे. भर उन्हात किंवा उघड्या अंगणात नको. पिढ्यान्‌पिढ्या घराच्या आडोशाने राहिलेला जीव तो, तिथे तग धरायचा नाही.

तसबीर परत टांगताना मागे बोटभर फट न ठेवता भिंतीला लागून बसेल अशी टांगावी. आणि डबा तुम्ही धरावा, आजी. पुठ्ठा सरकवायला दुसरा हात लागतो. सूनबाईंना हाक मारावी.